तीन पत्रे उडाले, बाकीचं छप्पर खरंच ठीक आहे का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यातल्या वादळात आईच्या घराचे तीन पत्रे उडाले. घर बैठं आहे, दोन्हीकडे उतार, लाकडी वासे, त्यावर लाकडी रिपा आणि वर साधे नागमोडी लोखंडी पत्रे, घालून साधारण पंधरा वर्षं झाली असतील. पुढच्या बाजूला पडवी आहे, तिचं छप्पर वेगळं नाही, तेच वासे पुढे वाढवून केलेली. उडालेले तीनही पत्रे त्या पडवीच्या कोपऱ्यातले. मधला एक पत्रासुद्धा हललेला नाही.

आई घरात एकटीच होती. ती सांगते की एकदम नाही उडाले, आधी तासभर तरी कोपऱ्यात फडफड फडफड आवाज येत होता, मग एकदा मोठा झोत आला आणि एकामागून एक तिन्ही गेले. ती मागच्या खोलीत जाऊन बसली म्हणून वाचली असं मी समजते, कारण एक पत्रा समोरच्या झाडात अर्धा घुसला होता.

आता दोन कारागीर येऊन गेले. एक म्हणतो तीन पत्रे टाकू, दोन तासांचं काम. दुसरा म्हणतो सगळं छप्पर काढा, नवीन करा. दोघांपैकी वर कोणीच चढलं नाही, खाली उभं राहून सांगितलं. मला पैशांपेक्षा हे कळायला हवंय की कोपराच का गेला, आणि जे राहिलंय ते पुढच्या वादळात राहील हे कशावरून ठरवायचं? जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा प्लीज.

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, आधी आई सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. आता मुद्द्याचं.

आपल्याला वाटतं वारा छपराला ढकलतो. खरं तर बहुतेक छपरांना वारा वर ओढतो. वारा भिंतीवर आदळतो, त्याला जायला वाट नसते म्हणून तो वर उसळतो आणि वळचणीच्या कडेवरून उडी मारल्यासारखा छप्पर सोडून पुढे जातो. त्या उडीच्या खाली, म्हणजे कडेला लागून, हवेचा दाब एकदम कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. हे खेचणं सगळ्यात जास्त कोपऱ्यांना, मग कडांना, मग आढ्याच्या जवळ. मधल्या भागात त्या मानाने बरंच कमी. म्हणून तुमचा मधला पत्रा हलला नाही.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. ताशी ७२ किमी वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण २५ किलो धरा. १०८ किमीला तोच ५६ किलो होतो आणि १४४ किमीला जवळपास १०० किलो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट, लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं मागच्या वेळेपेक्षा थोडंच जास्त वारं होतं. कोपऱ्यात ओढ याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकते. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं स्वतःचं वजन किती? चौरस मीटरला चार-साडेचार किलो. म्हणजे पत्र्याचं वजन हिशोबात धरायचंच नाही, जे काही धरून ठेवतं ते फक्त खिळे आणि स्क्रू.

तीन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा कोपऱ्यात असेल तर १०८ किमीच्या झोतात त्याला तीनशे किलोच्या वर ओढ बसू शकते. आता तो पत्रा किती खिळ्यांवर होता ते मोजून सांगा.

आणि पडवीचं. तिथे वरून ओढ तर आहेच, शिवाय भिंतीवर आदळलेला वारा पडवीच्या छताखाली कोंडतो आणि खालून ढकलतो. दोन्ही एकाच दिशेला. त्यात तुमची पडवी मुख्य छपराच्याच वाशांवर आहे. पडवी वेगळी असती तर ती एकटी गेली असती, आता ती जाताना मुख्य छपराला धरून ओढते. मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते.

रानपाखरू

खूप छान समजावलंत काका. एक शंका, लहानपणापासून ऐकलंय की वादळात खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात म्हणजे आतला बाहेरचा दाब सारखा होतो आणि छप्पर उडत नाही. आमच्याकडे तसंच करायचे सगळे. बरोबर आहे का ते?

निवृत्त_ओव्हरसियर

नाही, आणि हा समज खरंच घातक आहे. खिडकी उघडी असली की वारा आत शिरतो, घर फुग्यासारखं आतून फुगतं आणि आतला दाब छपराला खालून वर ढकलतो. बाहेरून ओढ आणि आतून रेटा असे दोन्ही एकत्र आले की जे छप्पर एरवी टिकलं असतं तेही जातं. वाऱ्याच्या बाजूचं एखादं दार किंवा मोठी काच फुटली आणि पुढच्या काही क्षणांत छप्पर गेलं असं खूप ठिकाणी झालेलं आहे. दारं खिडक्या बंद, कड्या लावलेल्या, शटर असेल तर तेही बंद. छप्पर वाचवायचं काम दारापासून सुरू होतं.

दगडू

आम्ही पत्र्यावर दगड आणि वाळूच्या गोण्या ठेवतो, आजवर काही झालं नाही. एवढ्या स्क्रूच्या भानगडीत पडायची गरज नाही असं माझं मत.

कैची

दगडूभाऊ, मी पत्रे घालायचं काम करतो, बावीस वर्षं झाली, म्हणून राग न मानता ऐका. वरचाच हिशोब घ्या. चौरस मीटरला ५६ किलोची ओढ, कोपऱ्यात शंभराच्या वर. तेवढं वजन आख्ख्या पत्र्यावर पसरून ठेवलंत तर वासे वाकतील. आणि दोन-चार दगड ठेवलेत तर पत्रा फक्त दगडाखाली दाबला जातो, कड मोकळीच राहते, कड उचलली की दगड घरंगळतो आणि खाली कोणाच्या तरी डोक्यात. मी एका घरी गेलो होतो तिथे दगड पत्र्यासकट शेजारच्या अंगणात गेला होता, नशिबानं तिथे कोणी नव्हतं.

अगदी वादळ दारात आलंय आणि काहीच हाताशी नाही तर जाड दोर किंवा तार छपरावरून आडवी टाकून दोन्हीकडे जमिनीतल्या पक्क्या खुंट्यांना ताणून बांधा, ते दगडापेक्षा कितीतरी बरं. गोण्या ठेवायच्याच असतील तर त्या एकमेकींना बांधून, खाली वासा किंवा रीप आहे अशाच जागी.

आता सांजवेळ ताई, तुमच्या आईंनी जे सांगितलं ना, तासभर फडफड, ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. पत्रा एका झटक्यात क्वचित जातो. तो वर खाली वर खाली होत राहतो, प्रत्येक वेळी स्क्रूच्या डोक्याभोवती थोडा वाकतो, जशी तार दोन्हीकडे वाकवत राहिलं की तुटते तसं स्क्रूच्या भोवती बारीक चिरा पडतात. मग पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निघून येतो, स्क्रू मात्र लाकडात जसाच्या तसा! लोक म्हणतात बघा स्क्रू किती मजबूत. स्क्रू मजबूत असून काय उपयोग, पत्रा फाटलाय.

हे जगाला मोठ्या प्रमाणावर कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात. डिसेंबर १९७४ मध्ये ख्रिसमसच्या पहाटे ट्रेसी नावाचं चक्रीवादळ तिथे आलं, ताशी २१७ किमीचा झोत मोजला गेला आणि मग मोजायचं यंत्रच बंद पडलं. शहरातली बहुतेक घरं मोडली. नंतर तपासणीत दिसलं की पत्रे असेच थकून, स्क्रूभोवती चिरा जाऊन सुटले होते. त्यानंतर तिथे पत्रा आणि स्क्रू यांची चाचणी एकदा ओढून करत नाहीत, हजारो वेळा ओढून सोडून करतात.

तर प्रश्न असा की तुमचे जे पत्रे राहिलेत, विशेषतः उडालेल्यांच्या शेजारचे दोन-तीन आणि समोरच्या कोपऱ्यातले, तेही तासभर फडफडले असणार. खालून ते ठीकच दिसतील. म्हणून न चढता सांगणाऱ्या दोन्ही कारागिरांचं ऐकू नका.

सांजवेळ

कैची दादा, हे वाचून अंगावर काटा आला. उडालेला पत्रा अजून अंगणात पडलाय, तो बघितला, भोकं गोल नाहीयेत, लांबट झालीत आणि दोन भोकांपासून कडेपर्यंत फाटलाय. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. स्क्रू नाहीत, साधे खिळे होते, त्यातले काही रिपेतून उपसून आलेत आणि काही तिथेच आहेत. कडेला एका पत्र्याला फक्त चार खिळे होते काका, मोजले.

निवृत्त_ओव्हरसियर

चार खिळ्यांवर तीनशे किलो. बघा आता. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना मधल्यांपेक्षा जवळजवळ बांधणी लागते, निदान दुप्पट, आणि आपल्याकडे सगळीकडे एकच माप लावून मोकळे होतात.

कैची

खिळा गुळगुळीत असतो, लाकूड ओलं-सुकं होत राहतं आणि दर वर्षी खिळा थोडा थोडा वर येतो. स्क्रूला आटे असतात म्हणून धरतो. रबरी वॉशरचा स्क्रू घ्या, आणि आवळताना रबर किंचित बाहेर डोकावेल इतकाच. जास्त आवळला की रबर फाटतं, पत्रा खोलगट होतो, तिथे पाणी साचून गंज. कमी आवळला तर पाणी आत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा की दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात, यावर कारागिरांत वाद होतात. उंचवट्यावर गळायची भीती कमी पण तिथे पत्रा दबतो, त्यासाठी डोक्याखाली मोठा वॉशर टाका, त्यानं पकडायची जागा वाढते आणि त्या चिरा पडायचंही कमी होतं. कडेच्या रांगेत मी प्रत्येक उंचवट्यावर मारतो, एकही सोडत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं तरी.

ओलीचिंब

छपरावर चढायचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचणारी आहे. माझे काका वादळानंतर गळती बघायला सिमेंटच्या पत्र्यावर चढले आणि पत्र्यातून खाली पडले. घरातच, फरशीवर. दोन वर्षं झाली, ते आता धरूनच चालतात. सिमेंटचा पत्रा वरून अगदी भक्कम दिसतो, जुना झाला की काचेसारखा तुटतो, त्यात शेवाळं आणि ओल असेल तर पायही घसरतो. प्लीज प्लीज कोणी स्वतः चढू नका. प्रकाशासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे पत्रे तर रंग बदलून बाकीच्यांसारखेच दिसायला लागतात, त्यावर तर पाय ठेवायचाच नाही.

कैची

ताई मनापासून वाईट वाटलं. आम्ही रोज चढणारे लोकसुद्धा सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवत नाही, फळी निदान दोन आधारांवर जाईल अशी. लोखंडी पत्र्यावर चालताना स्क्रूची रांग दिसते ना, त्याच रेषेवर पाय, कारण खाली आधार तिथेच आहे.

आणि जुने सिमेंटचे पत्रे वादळात फुटले असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच वागा. कोरडे झाडू नका, कापू नका, आपटून फोडू नका. पाण्याने ओले करून, चांगला मास्क लावून, अख्खे तुकडे उचलून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आणि लहान मुलांना तिकडे फिरकूच देऊ नका. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुफ्फुसात गेले की त्याचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात.

रानपाखरू

मग चढायचंच नाही तर बघायचं कसं?

निवृत्त_ओव्हरसियर

अर्धं काम आतून होतं. दुपारी भरउन्हात घरातले दिवे बंद करा आणि माळ्यावरून किंवा खोलीतून वर बघा. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे भोक आहे. पण फक्त ठिपके नका बघू. वासा भिंतीवर जिथे टेकतो ती जागा बघा, तिथे नवी फट दिसते का, चुना किंवा सिमेंट ताजं निखळलंय का, वाशाचं टोक पूर्वीच्या जागेवरून सरकल्याची खूण आहे का. लाकडाचा जुना भाग काळपट असतो आणि सरकला की आतला स्वच्छ पट्टा दिसतो, त्यावरून कळतं. पेचकस घेऊन रिपेच्या टोकाला टोचा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, त्यात कितीही भारी स्क्रू मारलात तरी तो धरणार नाही.

ओलीचा डाग दिसला तर त्याच्या बरोबर वर भोक शोधत बसू नका. पाणी आत शिरतं एकीकडे, वाशावरून उतरत जातं आणि टपकतं भलतीकडेच. डागापासून उताराच्या वरच्या दिशेनं शोधत जायचं. बाहेरून जमिनीवर उभं राहून फोनचा कॅमेरा झूम करून आढ्याची रेघ बघा, ती सरळ आहे की मधेच उचललीय किंवा बसलीय. पन्हळीत गंजाचे कण, वॉशरचे तुकडे सापडले तर तेही सांगतात की वर काहीतरी हललंय.

परसदार

आमचं कौलारू आहे, त्याबद्दल पण लिहा कोणी. आमची फक्त आढ्यावरची आणि वळचणीची कौलं गेली.

निवृत्त_ओव्हरसियर

तेच तत्त्व. कौलांचा फायदा असा की ती जड, चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो सहज, आणि कौलांमधल्या फटींतून थोडी हवा जाते त्यामुळे खालचा-वरचा दाब काही प्रमाणात सारखा होतो. तोटा असा की नुसती रचलेली असतात, एक उचललं की शेजारचं मोकळं होतं, आणि उडालेलं कौल दुसऱ्याच्या घरासाठी दगडच. म्हणून वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्याच्या बाजूच्या ओळी आणि दोन्ही टोकांच्या कडा तारेने रिपेला बांधा, कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चांगल्या मसाल्यात बसवा. कौलाला बहुतेक वेळा तारेसाठी भोक किंवा नाक दिलेलं असतं, ते कोणी वापरत नाही एवढंच. गारा पडल्या असतील तर कौल हातात घेऊन बोटाने वाजवा, चीर गेलेलं कौल बद्द वाजतं.

गच्चीवरचा

स्लॅबवाल्यांना काही टेन्शन नाही ना मग?

कैची

स्लॅब उडत नाही. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. पण स्लॅबवरचं सगळं उडतं, पाण्याची टाकी (रिकामी असेल तर आधी ती, म्हणून वादळाआधी भरून ठेवा), सोलरचे पॅनल, गच्चीवर नंतर घातलेली शेड. आणि कचऱ्याने पाणी जायची भोकं बुजली तर दहा सेंटिमीटर पाणी साचलं की चौरस मीटरला शंभर किलो वाढले. वादळाआधी ती भोकं साफ करा, एवढं केलंत तरी खूप.

सांजवेळ

काका, तुम्ही म्हणालात तसं भाऊ आणि मी दोघांनी आज आतून बघितलं. आधी तुमच्या भाषेत सांगते, वासे भिंतीवर नुसते टेकलेले आहेत. बांधलेले कशालाच नाहीत. खाली लाकडी पाट आहे भिंतीवर, त्याला एकेक तिरका खिळा, बास. पडवीकडच्या दोन वाशांची टोकं बोटभर सरकलीत, तुम्ही सांगितलेला तो स्वच्छ पट्टा अगदी तसाच दिसला, बघताना पोटात गोळाच आला. म्हणजे पत्रे उडाले नसते तर काय झालं असतं?

निवृत्त_ओव्हरसियर

मग वासे उचलले गेले असते. हे ऐकायला कठीण आहे पण तीन पत्रे सुटले म्हणून त्या कोपऱ्यावरची ओढ संपली आणि वासे वाचले, असं होऊ शकतं.

म्हणूनच नुसते भारी स्क्रू मारून थांबू नका. वाऱ्याची ओढ पत्र्याकडून स्क्रूकडे, स्क्रूकडून रिपेकडे, रिपेकडून वाशाकडे, वाशाकडून पाटाकडे, पाटाकडून भिंतीकडे आणि शेवटी पायाकडे जाते. ही साखळी आहे, सगळ्यात कच्ची कडी तुटते. एक कडी मजबूत केलीत की पुढची तुटेल, आणि पुढची म्हणजे आख्खं छप्पर. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळ आलं तेव्हाही हेच दिसलं होतं, छताचे प्लायवूडचे तक्ते ठोकताना कित्येक ठिकाणी पिना खालच्या लाकडाला लागल्याच नव्हत्या, बाहेरून काहीच कळत नव्हतं. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले.

तुमच्याकडे करायचं ते असं. प्रत्येक वासा पाटाला लोखंडी पट्टीने बांधायचा, पट्टी वाशावरून पलीकडे वळवून दोन्ही बाजूंनी स्क्रू. पाट भिंतीला अँकर बोल्टने, भिंत चांगली असेल तर, नाहीतर पट्टी भिंतीवरून बरीच खाली नेऊन पकडायची. रीप आणि वाशाच्या प्रत्येक जोडावरही छोटी पट्टी. सगळं मिळून लोखंड फार लागत नाही, वेळ लागतो.

दगडू

कैचीभाऊ, तुमचं पटलं. आज गोण्या उतरवल्या. आमच्याही वाशांना काहीच बांधलेलं नाही, बघितलं.

हिशोबी

उशिरा आलो. दुरुस्तीआधी फोटो काढा, उडालेले पत्रे टाकून देऊ नका, विमा असेल तर लगेच कळवा. तात्पुरती ताडपत्री टाकलीत तर तिची पावती ठेवा, कारण नुकसान वाढू न देणं ही सहसा आपलीच जबाबदारी धरतात. आणि विमावाले जुना गंज, कुजलेलं लाकूड याचे पैसे सहसा देत नाहीत, फक्त वादळाने झालेलं, त्यामुळे ताजी फाटलेली भोकं आणि सरकलेल्या वाशाचा पट्टा जवळून काढा, शेजारी मोजपट्टी धरून.

कैची

ताडपत्रीवरून एक. ती फक्त भोकावर ठेवू नका, वरची कड आढ्याच्या पलीकडे न्या, नाहीतर पाणी तिच्या खालून शिरतं. कडा लाकडी पट्टीत गुंडाळून पट्टी ठोका. नुसत्या दोरीने बांधलेली ताडपत्री एका रात्रीत फाटते.

सांजवेळ

आज काम सुरू झालं म्हणून लिहायला आले. तिसरा कारागीर मिळाला, तो आधी वर चढला, फळी टाकून. त्याने उडालेल्यांच्या शेजारचे दोन पत्रे काढून दाखवले, दोन्हीच्या भोकांभोवती बारीक चिरा, वॉशरखाली लपलेल्या. समोरच्या कोपऱ्यातल्या एकाला पण. मधले सगळे चांगले निघाले. म्हणजे सहा पत्रे बदलतोय, सगळं छप्पर नाही आणि फक्त तीनही नाही. पडवीकडच्या दोन रिपांची टोकं कुजलेली होती, ती बदलली. खिळे सगळे काढून स्क्रू, कडेला प्रत्येक उंचवट्यावर, वासे आज संध्याकाळपर्यंत निम्मे पट्टीने बांधून झाले.

पडवीचे वासे भिंतीपाशी कापून ती वेगळी करायची का हे मात्र ठरत नाहीये. कारागीर म्हणतो कापूया, पडवीला पुढचे खांब आहेत, भिंतीकडे वेगळी तुळई देतो. आई म्हणते घर मोडल्यासारखं वाटतं. काका, कापलं नाही आणि फक्त पट्ट्या वाढवल्या तर चालेल का?

निवृत्त_ओव्हरसियर

चालेल, पण मग पडवीचे पुढचे खांबही पायाशी धरलेले हवेत. बहुतेक ठिकाणी ते नुसते फरशीवर उभे असतात. उद्या एका खांबाच्या बुडाशी उकरून बघा आणि फोटो टाका, मग बोलू. पट्टीचं काम मात्र थांबवू नका, आधी कोपऱ्याकडून सुरू करायला सांगा.